स्वस्त कार्डात दिसलेला माणूस

"मग तुम्हीच सांगा बाबा, इतरांना न दिसणारं आपल्याला दिसायला लागलं, तर त्याला सिद्धीच म्हणायचं ना?"

सुकदेवबाबा चिंचा फोडत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

"इतरायले नाही दिसत?"

"आधी नव्हतं दिसत. मी सांगितल्यावर दिसायला लागलं."

"किती जनायले?"

"हजारो लोकांना."

"मंग सिद्धी तुले भेटली का त्यायले?"

यावर काय बोलावं ते प्रणीत काळमेघला सुचेना. आणि प्रणीतला बोलायला सुचू नये, ही काही रोजची गोष्ट नव्हे. बोलण्यावरच तर त्याचं पोट होतं.

अमरावतीचा हा तिशीतला गडी कॉम्प्युटरच्या सुट्या भागांवर व्हिडिओ करून इंटरनेटवर टाकत असे. त्यातही ग्राफिक्स कार्ड हा त्याचा खास प्रांत. ग्राफिक्स कार्ड म्हणजे कॉम्प्युटरच्या पोटात बसवायची एक जाडजूड पाटी. पडद्यावरची चित्रं ती काढते, आणि गेम खेळणाऱ्या मंडळींचा सगळा जीव तिच्यात अडकलेला असतो. कोणतं कार्ड घ्यावं आणि कोणतं उकिरड्यावर फेकावं, हे ठरवण्याआधी मराठी पोरं प्रणीतला विचारत. पडद्यावरच्या एकेका चित्राला फ्रेम म्हणतात, म्हणून त्याला 'फ्रेमगुरू' म्हणत.

स्वतःला गुरू म्हणवून घ्यायची एकदा सवय लागली, की दुसऱ्या गुरूपुढे मांडी घालणं जड जातं. प्रणीतने घातली होती, पण नाइलाजाने.

भर दुपारचे बारा वाजले होते. चैत्र सरत आलेला. खैरपाणीच्या त्या टेकडीवर माणूस नव्हतं, पाखरू नव्हतं. उन्हाने सगळं पांढरं पडलं होतं, आणि झाडांच्या सावल्या बुंध्याशी गोळा होऊन बसल्या होत्या. वऱ्हाडातली म्हातारी माणसं सांगतात, रात्रीपेक्षा भर दुपार वाईट. रात्री निदान आपण घाबरून सावध तरी असतो.

मठ कसला, मातीच्या दोन खोल्या आणि पुढे पडवी. पडवीत बाबा आणि प्रणीत समोरासमोर. प्रणीतच्या पाठीमागे बंद खोली होती, आणि तिची गजांची लहानशी खिडकी पडवीत उघडत होती.

"बरं," बाबा म्हणाले. "दिसते तरी काय?"

"माणूस."

"कोठी?"

"खिडकीत."

बाबांच्या हातातली चिंच तशीच राहिली.

"पहिल्यापासून सांग."

मग प्रणीतने सांगितलं.

गेल्या महिन्यात एका कंपनीने स्वस्तातलं कार्ड आणायची घोषणा केली होती. आधीच कार्डांच्या किमती अशा चढलेल्या, की कॉलेजातली पोरं दुकानाच्या काचेतून नुसती बघून परत फिरत. त्यात ही घोषणा. झालं! जो तो लिहीत सुटला. गरिबांचा वाली आला. आता किडनी शाबूत राहणार. अरे, रडू आलं रे मला. एका कंपनीचे भक्त दुसऱ्या कंपनीच्या भक्तांच्या उरावर बसले. आयुष्यभराच्या मैत्र्या तुटल्या. आणि कार्ड? कार्ड अजून कोणी डोळ्यांनी पाहिलेलंसुद्धा नव्हतं. बाजारात तुरी अन् भट भटणीला मारी.

"कार्ड म्हंजे ते रेशनचं नव्हे ना?" बाबांनी मध्येच विचारलं.

"नाही हो बाबा. चित्र काढणारं."

"हां. सांग."

कंपनीने प्रणीतला विक्रीच्या आदल्या दिवशी एक नग पाठवला. इतरांनाही पाठवले असणारच. म्हणजे सगळ्यांच्या आधी व्हिडिओ टाकायचा, तर घाई करायला हवी. काय बोलायचं ते त्याने कार्ड येण्याआधीच लिहून ठेवलं होतं. आकडे कंपनीच्याच तक्त्यातले. आता फक्त खोकं फोडायचं, कार्ड बसवायचं, आणि एखादा गेम चालवून दाखवायचा. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, पण त्या धंद्यात सगळेच नवरे तसे असतात.

गेम जुना होता, हलका होता. पडद्यावर धुक्यातलं एक गाव. प्रणीत रंगात आला.

पंखा ऐका, तो म्हणाला. काही ऐकू येतंय? नाही ना? आजवरचं सगळ्यात शांत कार्ड आहे हे, मंडळी! आणि चित्र बघा. रस्ता बघा. ते मागचं घर बघा. त्या घराची खिडकी बघा... अरे, खिडकीतला माणूससुद्धा दिसतोय!

"होता?" बाबांनी विचारलं.

"मला दिसला."

"होता?"



"गेम मी शंभर वेळा खेळलोय, बाबा. त्या खिडकीत कोणी नसतं. पण त्या क्षणी... बोलता बोलता मला दिसला. खरंच दिसला. शपथेवर सांगतो."

"आधी दिसला का आधी बोललास?"

हा प्रश्न त्याने स्वतःला कधी विचारला नव्हता. आता आठवून बघायला गेला, तर ते दोन्ही क्षण एकमेकांत असे मिसळले होते, की सोडवता येईनात.

बाबांनी उत्तराची वाट पाहिली नाही.

"मंग लोकं काय म्हनले?"

लोकांनी तर कहर केला. हो, हो, दिसला! माझ्या जुन्या कार्डात नव्हता दिसत! कोणी लिहिलं, त्याच्या खांद्यावर घोंगडी आहे. कोणी लिहिलं, तो हात वर करतो. दुसऱ्याने लिहिलं, मला बोलावतो. ज्यांचं कार्ड अजून कुरिअरच्या गाडीत होतं, त्यांनीही पाच तारे दिले आणि खाली लिहिलं, माणूस एकदम स्पष्ट. पाचामुखी परमेश्वर म्हणतात. इथे तर मुखं मोजता येत नव्हती. पहिल्या तासातच सगळी कार्डं संपली.

"तुले आनंद झाला असन."

"झाला ना. एवढा आनंद मला कधी झाला नव्हता."

"अन् मंग?"

...

"अन् मंग, पोरा?"

"मग मी आवरायला घेतलं."

प्रणीतचा आवाज खाली आला. आजूबाजूला कोणी नव्हतं, तरी त्याने एकदा अंगणाकडे पाहून घेतलं.

"कॉम्प्युटरच्या मागे पडद्याची वायर लावायला दोन जागा असतात, बाबा. एक नव्या कार्डाची. एक कॉम्प्युटरची स्वतःची, जन्मजात. वायर चुकून त्या जन्मजात जागेत लावली, की नवं कार्ड आत नुसतं बसून राहतं. चित्र येतं ते आपलं जुनंच. अगदी शिकाऊ पोरं करतात ही चूक. आम्ही त्यांची आठवडाभर टर उडवतो. मी तर अशा पोरांवर एक अख्खा व्हिडिओ केलाय. लोक हसून हसून लोळले."

"अन् तुही वायर?"

"जन्मजात जागेत."

बाबांनी मान वर केली.

"म्हंजे ते कार्ड..."

"चाललंच नाही. एक क्षणसुद्धा नाही. पंखा फिरलाच नव्हता. मी ज्याला शांत म्हटलं ना..."

"ते झोपलं होतं."

"हो."

बाबा हसायला लागले. पोट धरून हसले. दात नसलेलं ते तोंड उघडं पडलं, डोळ्यांतून पाणी आलं. प्रणीतलाही थोडं हसू आलं; किती दिवसांनी आलं होतं. मग बाबा एकदम थांबले.

"पन मानूस दिसला."

"हो."

"झोपलेल्या कार्डातून."

"हो, बाबा."

टेकडीवर वारा नव्हता. तरी पडवीच्या कडेला टांगलेली सुपं जराशी हलल्यासारखी वाटली.

"मंग नीट लावून पाह्यलं का?"

"नाही."

"काहून?"

"भीती वाटते."

"कायची?"

"तो दिसला तर भीती वाटते. आणि नाही दिसला तर... त्याहून जास्त वाटते."

बाबांनी चिंचेचा एक पांढरा दोर ओढून काढला आणि बाजूला टाकला.

"हे सांगाले तू एवढ्या उन्हात नाही आला. सिद्धी-बिद्धी सोड. कायले आलास ते बोल."

प्रणीतने खाली पाहिलं.

"आई," तो म्हणाला.

प्रणीतची आई कुमुदबाई. लहानपणापासून या मठात येणारी. तिला कॉम्प्युटरमधलं काही कळत नसे, आणि कळत नाही म्हणायची लाजही वाटत नसे. नवं कार्ड आलं, की प्रणीत तिला स्वयंपाकघरातून हाका मारी. आई, ये बघ, फरक दिसतो का? कुमुदबाई पदराला हात पुशीत येई, वाकून पाही, आणि दरवेळी एकच सांगे. "मले त काही फरक नाही दिसत बाप्पा. पह्यले होतं तसंच हाये."

प्रणीत चिडे. तिची नक्कल करून मित्रांना हसवी. पण मनातून त्याला बरं वाटे. बाहेर जगाने कितीही टाळ्या पिटल्या, तरी घरात एक माणूस असं होतं, जे दिसेल तेवढंच बोलत होतं.

वायर सापडली त्याच्या दुसऱ्या दिवशीची गोष्ट. प्रणीतने तिला हाक मारली. त्याला तेच वाक्य ऐकायचं होतं. त्या वाक्यासाठी त्याचा जीव तहानला होता.

कुमुदबाई आली. वाकली. या वेळी तिने खूप वेळ पाहिलं.

"व्हय रे," ती म्हणाली. "दिसते. मानूस हाये त्या खिडकीत. उभा हाये बिचारा."

"माझा व्हिडिओ तिने फोनवर पाहिला होता," प्रणीत बाबांना म्हणाला. "पोराचा व्हिडिओ म्हणून. पुन्हा पुन्हा पाहिला होता, बाबा."

"मंग?"

"आता ती त्याला ताट वाढते."

बाबांचे हात थांबले.

"दुपारी जेवायच्या वेळी पडद्यासमोर ताट ठेवते. भाकर, वरण, लोणच्याची फोड. पडदा बंद असला तरी ठेवते. मला म्हणते, त्याला आत बोलाव ना बाप्पा, पाहुण्याला किती दिवस असा उभा ठेवतोस."

"अन् सोता जेवते?"

"तो जेवल्यावर."

"तो कवा जेवते?"

प्रणीतने बाहीने डोळे पुसले.

"वाळून चाललीये ती. बांगड्या कोपरापर्यंत मागे सरतात. डॉक्टर झाले, मावशी येऊन रडून गेली. ऐकत नाही कोणाचं. पण तुमचा शब्द तिने आजवर मोडलेला नाही. तुम्ही फक्त एवढंच सांगा तिला, की तिथे कोणी नाही. मी आत्ता फोन लावून देतो. एक वाक्य, बाबा. बाकी मला काही नको."

"मी त पाह्यलंच नाही."

"अहो, नाहीच तिथे कोणी!"

"तू पाह्यलं?"

"मी..."

"दिसला म्हनला होतास ना?"

"दिसला. पण नाहीये."

"हे तिले सांगतलं?"

"शंभरदा."

"मंग?"

"म्हणते, तूच त दाखवला."

बाबांनी पुढची चिंच उचलली. प्रणीतला राग आला. एवढ्या उन्हात गाडी हाणत आलो, आई तिकडे उपाशी आणि हा म्हातारा चिंचा फोडतोय! एक वाक्य बोलायला याचं काय जातं?

"तुह्या मागची खोली म्हाईत हाये ना तुले?" बाबांनी विचारलं.

"थोरल्या बाबांची. तुमच्या गुरूंची."

"ते गेले तवापासून रिकामी हाये. लोकं दुरून दुरून येते. खिडकीतून आत पाहते. थोरले बाबा गादीवर बसलेले दिसते म्हनते."

प्रणीतने मागे पाहिलं नाही.

"दिसतात?"

"मी रोज झाडतो ती खोली. मले त उंदराच्या लेंड्या दिसते."

"मग लोकांना सांगत का नाही?"

"सांगतो न. येईन त्याले सांगतो, बाबाहो, आतमंधी कोनी नाही."

"मग काय म्हणतात?"

"म्हनते, सुकदेवबाबा किती निगर्वी! थोरल्या बाबाचं दर्शन रोज होते, पन सोताच्या तोंडानं बोलत नाही." बाबांनी चिंचोका अंगणात भिरकावला. "अन् मंग माह्याच पाया पडते."

दुसरा कोणी असता तर हसला असता. प्रणीत हसला नाही. त्याच्यातला फ्रेमगुरू जागा झाला होता.

"तुमची गोष्ट वेगळी, बाबा. तुम्ही दोन दोन माणसांना सांगता. माझं एका वेळी सगळे ऐकतात. आईसुद्धा ऐकते. मी तिथे बसवलेला माणूस मीच उठवीन."

त्याने खिशातून फोन काढला. टेकडीच्या पायथ्याशीच टॉवर होता, रेंज उत्तम होती. त्याने फोन समोर धरला आणि थेट प्रक्षेपण सुरू केलं.

"थांब," बाबा म्हणाले. "बोलाच्या आधी एकदा मागं..."

पण प्रणीत बोलू लागला होता.

"मंडळी, एक चूक झाली. माझी चूक."

आणि तो खरं बोलला. लिहून न ठेवता बोलला. वायर कुठे होती ते सांगितलं. कार्ड झोपलं होतं ते सांगितलं. आकडे आपले नव्हते, हेही सांगितलं. खिडकीत कोणी नव्हतं, मीच बोलून गेलो, तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवून पाहिलंत, मला माफ करा. इतकं चांगलं तो आजवर कधी बोलला नव्हता. छाती हलकी झाली.

फोनवर प्रतिक्रिया येऊ लागल्या.

काय गुरू, मस्करी करता काय गरिबाची?

वायर कुठेही असू दे, आम्हाला दिसतो.

काल त्याने माझ्याकडे पाहिलं.

कार्ड विकू नका कोणी, हे भाव पाडायला बोलतायत.

"मंडळी, ऐका माझं," प्रणीत म्हणाला. "मी खरं सांगतोय. तिथे कोणीही नाही!"

तुम्हाला असं बोलायला कोणी लावलं?

त्याने लावलं का?

मग थोडा वेळ काहीच आलं नाही. फोन बंद पडला की काय, असं प्रणीतला वाटलं. आणि मग एक ओळ आली.

गुरू, मागच्या खिडकीत कोण आहे?

त्याखाली दुसरी. घोंगडी दिसते.

तोच आहे.

हात वर केला आत्ता.

मागे बघा. मागे बघा. मागे बघा.

फोनच्या पडद्यावर प्रणीतला त्याचाच चेहरा दिसत होता, आणि चेहऱ्यामागे ती गजांची खिडकी असायला हवी होती. पण प्रतिक्रियांच्या ओळींनी पडदा असा भरून गेला, की खिडकी त्यांच्याखाली पूर्ण झाकली गेली. ओळी बाजूला करायला त्याने बोट उचललं. ते पडद्याला लागण्याआधीच फोन वाजला आणि प्रक्षेपण तुटलं.

आईचा फोन होता.

"कोठी हायेस रे?"

"खैरपाणीला, आई. बाबांकडे."

"तरीच."

"काय तरीच?"

"अरे, आज खिडकी रिकामी दिसली. ताट तसंच पडून हाये. मी म्हनलं, एवढ्या उन्हाचा गेला कोठी? घरभर पाह्यलं, गच्चीवर पाह्यलं. मंग आता तुहा व्हिडिओ लागला..." कुमुदबाईचा आवाज मायेने भरून आला होता. "तुह्यासंग आला होय तो?"

"आई, तू जेवलीस का?"

"त्याचं कळल्याबिगर कशी जेवू?"

"आई, अगं..."

"एवढं सांग मले, पोरा. तुह्या मागं हाये तो तोच हाये ना? तुह्याजवळ असन त मी आता दोन घास खाऊन घेतो. नसन त पाहतो वाट, येईन कवाबी. तू सांगशीन तसं."



हो म्हटलं, तर आई आत्ता जेवेल. या क्षणी, त्याच्या डोळ्यांदेखत नाही तरी कानांदेखत जेवेल. एवढा एक शब्द. आणि आजचं जेवण झालं की उद्याचं ताट, परवाचं ताट... नाही म्हटलं, तर ती वाट बघत बसेल. तिच्या बांगड्यांचा आवाज फोनमधून येत होता. त्या हातात किती सैल झाल्या होत्या, ते आवाजावरूनही कळत होतं. प्रणीतला लहान मुलासारखं रडावंसं वाटलं.

"प्रणीत? कोन हाये रे मागं?"

त्याने फोनवर तळवा दाबून धरला. मान वळवायचा प्रयत्नही केला नाही. तो समोर बाबांकडे पाहत राहिला. बाबांचं तोंड खिडकीकडे होतं. त्यांना सगळं दिसत होतं.

"बाबा," तो कुजबुजला. "माझ्या मागे... कोणी आहे का?"

सुकदेवबाबांनी हातातली चिंच खाली ठेवली. त्यांनी प्रणीतच्या खांद्यावरून खिडकीकडे पाहिलं. पाहत राहिले... अंगणात चिटपाखरू नव्हतं. फोनमधून, तळव्याखालून, आईची बारीक हाक ऐकू येत होती.

"आईले अजून काही सांगतलं नाही ना तू?"

"नाही."

"मंग अजून कोनी नाही."